टीप चौदा पहा

आमचा मामा छापखान्यात मुद्रितशोधक आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेतो. हेच काम आमचे बाकीचे नातेवाईक फुकट करत असल्यामुळे घरात त्याच्या नोकरीचं कुणाला फारसं अप्रूप नाही.

त्याची वाचायची तऱ्हा मात्र न्यारी. तो पानाच्या शेवटच्या शब्दापासून सुरू करतो आणि पहिल्याकडे सरकत येतो. सरळ वाचलं की मन गोष्टीत गुंततं आणि वेलांटी हातातून निसटते, असं त्याचं म्हणणं. उलटं वाचलं की अर्थ आड येत नाही. रहस्यकथेतला खुनी त्याला सगळ्यात आधी भेटतो, आणि तरी त्याला कळत नाही.

ओळीत एखादा शब्द राहून गेला की मुद्रितशोधक तिथे छोट्या छपरासारखी खूण करून राहिलेला शब्द वर लिहितो. त्या खुणेला काकपद म्हणतात. मामाही कुणाच्या बोलण्यात असाच मधे शिरतो. म्हणून छापखान्यात त्याला काकपद म्हणतात, आणि त्याला ते आवडतं.

आयकराचा अर्ज कसा भरावा याची सूचना-पुस्तिका दरवर्षी त्यांच्याच छापखान्यात छापून होते आणि मामा ती तपासतो. एकोणीस वर्षं. एवढ्या भांडवलावर तो आमच्या घरचा करतज्ज्ञ झाला होता.

त्या बुधवारी मी जेवायला घरी आलो तेव्हा हा तज्ज्ञ आईच्या शिलाई मशीनवर पुस्तिका पसरून बसला होता. आई कपडे शिवते. तिच्या ठेवीच्या व्याजातून बँकेने कर कापला होता. तिचं उत्पन्न इतकं थोडं की तो कापायलाच नको होता, म्हणून तिने परतावा मागितला. पैसे राहिले बाजूला, अर्जच परत आला. दोनदा. दोन्ही वेळा त्यावर एकच शिक्का : ‘स्तंभ ९ अपूर्ण’. शुक्रवार शेवटची तारीख, त्यानंतर विषय संपला. आणि त्या पैशांतून मशीनला मोटर बसवायची होती, कारण गुडघा सुजला होता आणि डॉक्टरने पायाने मशीन मारायची बंद करा म्हणून सांगितलं होतं. ती अर्थातच मारतच होती.

“वाच,” आई म्हणाली. “आणि सुलटं वाच.”

मामाने घसा साफ केला. “‘ज्या करदात्यास उपरोक्त वजावट अनुज्ञेय नसल्याचे निदर्शनास आलेले नसेल त्याने, अन्यथा नसल्यास, स्तंभ ९ टीप १४ प्रमाणे भरावा.’”

“करदाता म्हणे! दात्याला कुणी एवढं छळतं का रे?”

“ताई, ते ‘उपरोक्त’ चूक आहे. उपर्युक्त हवं. मी दरवर्षी सुधारतो, ते दरवर्षी परत तसंच करतात.”

“बरं. पण अनुज्ञेय म्हणजे काय?”

“ज्ञ वर एक मात्रा.”

“अर्थ विचारतेय मी!”

मामाने खिडकीबाहेर पाहिलं. एकोणीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता, त्याने स्वतःलाही नाही.

“मामा, टीप चौदा काढ ना,” मी म्हणालो. “तिथे लिहिलं असेल.”

त्याने मागची पानं उलटली. टीप अकरा, बारा, तेरा. तेराखाली छापखान्याचं नाव. त्याने पुन्हा पाहिलं. मग पुस्तिका उलटी धरून झटकली, जणू टीप चौदा आतून खाली पडणार होती.

“नाहीये,” आई म्हणाली.

काकपद गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

गुरुवारी सकाळी आम्ही दोघं आयकर कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, “स्तंभ नऊ का? टीप चौदा पहा.”

“ती पुस्तिकेत नाही, मॅडम.”

“सगळे असंच म्हणतात. मग छापखान्याला विचारा ना! आम्ही काय छापतो का?”

मामाने चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि सरळ छापखान्याची वाट धरली.

तिथे माळ्यावर जुन्या मूळ प्रती गठ्ठे बांधून ठेवलेल्या असतात. कार्यालयाकडून टाइप होऊन, शिक्का मारून आलेला मजकूर म्हणजे मूळ प्रत. मी शिडी धरली, मामा वर चढून एकेका वर्षाचा गठ्ठा सोडत बसला. सहा वर्षांपूर्वीच्या गठ्ठ्यात ती निघाली. शेवटच्या पानावर एकटीच, दोन ओळींची. ते पान मुखपृष्ठाच्या कागदाला टाचणीने अडकून बसलं होतं. अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्याला ते दिसलं नाही, त्याने तेरावर काम संपवलं, आणि पुढची पाचही वर्षं आदल्या पुस्तिकेवरूनच नवी निघत राहिली. सोबतच्या प्रूफावर लाल शाईत लिहिलं होतं ‘तपासले’, आणि खाली मामाची सही, वळणदार.

“मूळ प्रतीशी ताडून बघायचं असतं रे,” तो माळ्यावरूनच म्हणाला. “मी नुसतं प्रूफ उलटं वाचलं. जे छापलं होतं ते सगळं शुद्ध होतं. ‘टीप १४’ सुद्धा शुद्धच होतं.”

टीप अशी होती : ‘ज्यांचा कर केवळ ठेवींवरील व्याजातून कापला आहे त्यांनी स्तंभ ९ मध्ये शून्य लिहावे. स्तंभ रिकामा सोडू नये.’ अख्ख्या पुस्तिकेत माणसासारखं बोलणारी हीच दोन वाक्यं, आणि नेमकी तीच गेली होती.

घरी येऊन मामाने अर्ज पुढे घेतला, नवव्या स्तंभात एक गोल शून्य काढलं. मग पेन खाली ठेवलं.

“ताई, तुझा अर्ज माझ्यामुळे परत आला. दोन्ही वेळा.” आणि सगळं सांगितलं.

आईचा पाय मशीनवर थांबला. “सहा वर्षं?”

“सहा.”

“आणि मी त्या खिडकीवरच्या बाईला मनातल्या मनात काय काय बोलले!” तिने सुईतला दोरा तोडला. “बाकीच्यांचं काय रे? त्यांना कुठे तुझ्यासारखा भाऊ आहे माळ्यावर चढायला?”

शुक्रवारी आई स्वतः आली. खिडकीतल्या बाईंनी शून्यावर बोट ठेवलं. “हे कुणी सांगितलं?” मामाने मूळ प्रत पुढे केली. त्यांनी आपल्याच कार्यालयाचा शिक्का दोनदा तपासला.

“मग ही टीप गाळली कुणी?”

रांगेत वीसेक माणसं होती. मामाला हळू बोलता आलं असतं. “मी,” तो चांगलं ऐकू जाईल असं म्हणाला. “छापखान्यात मीच तपासतो.”

मागचा एक म्हातारा टॅक्सीवाला उसळला. “अहो, तीन वर्षं हेलपाटे घालतोय मी! तुमच्या बापाचं काय घेतलं होतं हो मी?”

“काही नाही. आणा तुमची पुस्तिका,” मामा म्हणाला. “आणि अर्जही आणा.”

आईच्या अर्जावर पोच मिळाली, तरी आम्ही निघालो नाही. मामा दारातल्या बाकावर बसला आणि कार्यालय बंद होईपर्यंत येईल त्याच्या पुस्तिकेत टीप तेराखाली लाल पेनने काकपद काढून वर चौदावी टीप लिहीत राहिला. प्रत्येकाला माफ करा म्हणत होता. काहींनी केलं. टॅक्सीवाल्याने केलं नाही, पण जाताना आपलं पेन ठेवून गेला, कारण मामाचं संपत आलं होतं.

मोटर आली. गुडघा अजून कुरकुरतो, पण सूज उतरली आहे.

यंदा पुस्तिकेचं प्रूफ मामाने आधी मूळ प्रतीशी ताडलं, मग उलटं वाचलं, आणि मग घरी आणून आईला सरळ, मोठ्याने वाचून दाखवलं. आई मशीन चालवता चालवता दर ओळीला विचारत होती, “म्हणजे काय?” जिथे मामाला उत्तर देता आलं नाही तिथे त्याने समासात प्रश्नचिन्ह काढलं. प्रूफ कार्यालयाकडे गेलं तेव्हा त्यावर एकशे बारा प्रश्नचिन्हं होती. उत्तर अजून आलेलं नाही. मामा म्हणतो, ते बहुधा अर्थ शोधत असतील.