शनिवारच्या सामन्यासाठी केलेला अर्ज

माझे शिक्षण नववीपर्यंतच झालेले असले, तरी तहसील कचेरीच्या आवारात गेली सव्वीस वर्षे मी लोकांचे अर्ज लिहून देतो आणि माझ्या टेबलावरून गेलेला मसुदा साहेबांनी सहसा परत पाठवलेला नाही. हे आधीच नमूद करतो, कारण पुढे जे केले ते मी अज्ञानातून केले, असा कुणाचा समज होऊ नये.

मुलगा स्टुटगार्टला अभियांत्रिकीचे पुढचे शिक्षण घेत होता. तीन वर्षांत भेट नव्हती, म्हणून मी तीन आठवड्यांसाठी त्याच्याकडे गेलो. तेथे तो विद्यापीठाच्या संघातून अमेरिकन फुटबॉल खेळत असे. या खेळात चेंडू काखेत घट्ट धरून, अंगावर येणाऱ्यांना चुकवीत धावणारा जो गडी, त्यास रनिंग बॅक म्हणतात. सामन्याच्या सुरुवातीला उतरण्याचा मान एकालाच असतो आणि दावेदार दोन होते: माझा मुलगा, आणि त्याच्याच बिऱ्हाडात शेजारच्या खोलीत राहणारा एक धिप्पाड जर्मन तरुण. निवड शुक्रवारी, सामना शनिवारी आणि माझे विमान सोमवारी. मुलाला सर्वांच्या आधी मैदानात उतरताना एकदा पाहावे, एवढीच माझी मागणी होती.

"सराव कसा झाला?" जेवताना मी विचारी.

"ठीक."

"आणि त्याचा?"

"त्याचाही ठीकच, बाबा."

शाळेत असताना त्याच्या एका दिवसाच्या रजेचा अर्जसुद्धा मी तीन प्रतींत लिहीत असे आणि शाई वाळेपर्यंत तो टेबलाला टेकून उभा राही. आता त्याला माझ्याकडून काहीच लिहून नको होते.

म्हणून गुरुवारी मी आपण होऊन अर्ज लिहिला. मराठीतच लिहिला, कारण भाषांतरात मसुद्याचे वजन जाते. एस-बान या तिथल्या लोकल गाडीने एकटा मैदानावर पोहोचलो, प्रशिक्षकांच्या हाती अर्ज दिला आणि पोच घेण्यासाठी दुसरी प्रत पुढे केली. त्या लालबुंद गृहस्थांनी कागद उलटसुलट पाहिला, मी बोट ठेवले तेथे सही केली आणि शिट्टी वाजवून माझ्या मुलाला बोलावले. तो दुसरा तरुणही मागोमाग आला.

मुलाने अर्ज उभ्या उभ्या वाचला. 'अर्जदार सोमवारी परत जात असून पुन्हा केव्हा येणे घडेल याची खात्री नाही, सबब शनिवारी प्रथम मुलासच उतरविण्याची कृपा व्हावी,' या ओळीवर तो बराच वेळ थांबला. मग प्रशिक्षकांशी जर्मनमध्ये थोडके बोलला. त्यावर तो तरुण त्याला काहीतरी म्हणाला. मुलाने नकारार्थी मान हलवली.

परतताना गाडीत मी विचारले, "साहेबांना काय सांगितलंस?"

"लिहिलंय तेच सांगितलं."

"आणि तो काय म्हणाला?"

"शनिवारी पहिला तू उतर, म्हणाला. मी नको म्हटलं."

"अरे, मान आयता मिळत होता!"

"तो माझ्यापेक्षा वेगवान आहे, बाबा. दुसऱ्याच्या वहिवाटीची जमीन मागायचा अर्ज तुम्ही लिहिता का?"

"लिहितो," मी म्हणालो. "निकालाची हमी मात्र देत नाही."

तो हसला. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच इतका मोकळा हसला.

शुक्रवारी नाव त्या तरुणाचेच लागले. शनिवारी तोच प्रथम उतरला आणि उत्तम धावला, हे मला मान्य करावेच लागेल. माझा मुलगा शिरस्त्राण हातात घेऊन सीमारेषेपाशी उभा होता. मी सामन्यापेक्षा त्याच्या पाठीकडेच अधिक पाहत होतो. तिसऱ्या सत्रात त्याला उतरवले. चेंडू मिळाला. आठ-दहा पावले तो असा धावला की मी कठड्यावर छातीपर्यंत ओणवलो. तोच तिघांनी त्याला अगदी माझ्यासमोर पाडले. मी त्याला घरच्या नावाने हाक मारली. तो उठला, चेंडू पंचाकडे टाकला आणि वळून न पाहता आपल्या जागी गेला.

शिरस्त्राणातून ती हाक ऐकू गेली की नाही, हे सोमवारी विमानतळावर विचारायचे मी ठरवले होते. त्याने माझी बॅग उचलली, तपासणीच्या रांगेपर्यंत आला, वाकून नमस्कार केला. मागचे लोक पुढे सरकत होते. विचारायचे राहून गेले.