खुलताबादच्या पुढचे चार किलोमीटर

सायकलवाल्यांचं एक बरं असतं. किती किलोमीटर झाले, किती चढ चढलो, किती कॅलरी गेल्या, सगळं मोबाईलमधलं अ‍ॅप लिहून ठेवतं. किस्से मात्र कुणीच लिहून ठेवत नाही. ते नुसते साठत जातात आणि कुणी चहा पाजला की बाहेर पडतात. आज तुम्ही चहा पाजलाय, तेव्हा ऐका!

आमचा ग्रुप काही मोठा नाही. मी सुनीता, कॉलेजच्या लायब्ररीत दिवसभर 'शांतता राखा'च्या पाटीखाली बसते. रफिकभाईंचं सायकलचं दुकान आहे. सतीश वाळूजला कंपनीत आहे. आणि अप्पा, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, वय अडुसष्ट.

दर रविवारी पहाटे साडेपाचला क्रांती चौकातून निघायचं, दौलताबादचा घाट चढायचा, खुलताबादला चहा घ्यायचा आणि पुढे आत वळणाऱ्या एका लहान डांबरी रस्त्याला लागायचं. चार किलोमीटर. दोन्ही बाजूंना वाइनच्या द्राक्षांच्या बागा. गाडी नाही, हॉर्न नाही, माणूसही क्वचितच. नोकरीत असताना एका कालव्याच्या पाहणीला जाताना हा रस्ता अप्पांना सापडला होता. तेव्हापासून तो त्यांचाच!

*

सतीश पहिल्यांदा आला त्या दिवशीची गोष्ट. बाग बघून त्याला राहवेना. सायकल उभी केली, तारेतनं हात घातला आणि काळा टपोरा घड बघून मूठभर द्राक्षं तोंडात कोंबली. दुसऱ्या क्षणाला चेहरा असा झाला की काय सांगू! साल जाड, आत नुसत्या बिया.

तेवढ्यात बागेतनं मालक आले. कडुबाळ त्यांचं नाव. वडील मेंढरं राखायचे, यांनी बाग लावली. सतीशला थुंकताही येईना आणि गिळताही येईना.

कडुबाळ शांतपणे म्हणाले, "खायची नायत ती, सायेब. प्यायची हायत!"

अप्पा हसून हसून खाली बसले. मग त्यांनी विचारलं, "कडुबाळ, तुमची वाइन लागते तरी कशी?"

"मला काय म्हाईत? म्या कुठं पेतो!"

तेव्हापासून दोघांची दोस्ती. अप्पांनी कालव्यांचं सांगायचं, कडुबाळनी छाटणीचं सांगायचं, आणि आम्ही बांधावर बसून घड्याळाकडे बघायचं.

*

त्या चार किलोमीटरवर अप्पांचा कायदा होता. बोलायचं नाही. "बोलायला क्रांती चौक आहे," म्हणायचे. माझ्या चेनची कुरकुर झाली तर रफिकभाईंना भर रस्त्यात तेल घालायला लावायचे.

मग सतीशने नवी सायकल घेतली. महागाची. तिच्या मागच्या चाकाचा असा कर्रर्र आवाज यायचा की झाडावरची पाखरं उडायची.

अप्पांनी विचारलं, "हे बंद होत नाही का रे?"

"अप्पा, या आवाजासाठी तर लोक ही सायकल घेतात!"

रफिकभाईंनी चाक फिरवून बघितलं आणि निकाल दिला. "पायडल मारते रहे तो आवाज नहीं आता. पायडल रोके, तब आता."

"झालं तर मग," अप्पा म्हणाले. "तू थांबूच नकोस!"

आणि सतीश, एवढा कंपनीतला इंजिनिअर, त्या दिवशी चारही किलोमीटर पायडल मारत राहिला. उतारावरसुद्धा!

*

आता जरा वाईट भाग. मागच्या गणपतीनंतर अप्पा घाटाच्या अलीकडे, मिटमिट्याजवळ सायकलवरून पडले. लागलं फारसं नाही, पण पडले ते चक्कर येऊन. तपासण्या झाल्या, कानातला तोल गेलाय म्हणे. डॉक्टरांनी सांगितलं, सायकल बंद. अप्पांनी विचारलं, "चढ सोडले तर?" बंद. "नुसता सपाट रस्ता?" बंद. "तीनचाकी?"

डॉक्टर वैतागून म्हणाले, "अप्पा, तुम्ही खुर्चीवर बसा ना!"

"बसतो की," अप्पा म्हणाले. "खुर्ची त्या रस्त्यावर न्यायची सोय करा!"

हसलो आम्ही. पण बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "सुनीता, शहरातलं सगळं सोडलं तरी चालेल. मला तेवढे चार किलोमीटर हवेत गं." मी रिक्षा बोलावली. कारने नेतो म्हटलं तर म्हणाले, काचेतनं बघायचा रस्ता नाही तो.

*

फोनची आयडिया माझी. रविवारी वळणाशी पोचलो की अप्पांना फोन लावायचा, स्पीकरवर टाकायचा आणि माझ्या हँडलच्या पिशवीत ठेवायचा. आम्ही चालवायचं, त्यांनी घरी बसून ऐकायचं.

पहिल्या रविवारी पाच मिनिटांत पिशवीतनं आवाज. "सुनीता, फोन कट झाला का? काहीच ऐकू येत नाही!"

"अप्पा, तुम्हीच तर असला रस्ता शोधलाय!"

मग हळूहळू त्यांचा कान तयार झाला. पंपाचा आवाज आला की म्हणायचे, विहीर आली. टायरखाली खडी वाजली की म्हणायचे, पूल आला. एकदा तर म्हणाले, "सुनीता, चढावर एवढा जड गिअर? गुडघे काय भाड्याने आणलेत?"

तीस किलोमीटरवरून माणूस माझा गिअर ओळखतो! मी गुपचूप बदलला.

*

हा पुढचा किस्सा सांगायची लाज वाटते, पण सांगते. डिसेंबरमधला एक रविवार. कडाक्याची थंडी, कुणालाच घाट चढायचा नव्हता. अप्पांना नाही म्हणायची तर हिंमत नाही. शेवटी रफिकभाईंच्या दुकानात जमलो. शटर अर्धं खाली, सायकल स्टँडवर, सतीश हाताने पायडल फिरवतोय, मी एका परातीत खडी घेऊन बसलेय. पूल आला की खडी चाळवायची!

अप्पा ऐकत होते. "वा," म्हणाले, "आज छान चाललंय." आम्ही खूश. तेवढ्यात बाहेरनं एक रिक्षावाला ओरडत गेला, "पडेगाव, मिटमिटा, पडेगाव!"

मग अप्पा म्हणाले, "कडुबाळच्या बागेतनं रिक्षा चालू झाली का रे?"

आम्ही खो खो हसलो. अप्पा हसले नाहीत.

"तुम्हाला जाता येतं," ते म्हणाले, "आणि तुम्ही जात नाही." आणि फोन ठेवला.

रफिकभाईंनी शटर पूर्ण वर केलं. "चलो," एवढंच म्हणाले. त्या दिवशी आम्ही नऊ वाजता घाट चढलो. उन्हात. पुढे एकही रविवार चुकवलेला नाही.

*

काकू, म्हणजे अप्पांची बायको. सायकल हा शब्द घरात काढलेला त्यांना चालायचा नाही. संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले तेव्हा म्हणाल्या, "ये, तुला एक गंमत सांगते. हे रविवारी तुझा फोन यायच्या आधी बूट घालून बसतात."

"हो का!"

"बूट ठीक आहे गं. हेल्मेटपण घालतात! परवा म्हटलं, काढा आता, चहा गार होतोय. तर मला म्हणतात, थांब, हा उतार संपू दे!"

सांगताना हसत होत्या. मग पदराने चष्मा पुसायला लागल्या.

*

आणि हा मागच्या महिन्यातला. हा मी सगळ्यात शेवटी सांगते, कारण याच्यानंतर मला दुसरं काही सांगता येत नाही.

अप्पा येईनासे झाल्यापासून आम्ही कडुबाळांच्या बागेशी थांबत नव्हतो. लांबूनच हात करायचो आणि पुढे जायचो. थांबलं की ते अप्पांचं विचारणार, आणि ते सांगायचं कुणी? त्या रविवारी मात्र तोडणी चालू होती. वाइनची द्राक्षं ऊन चढायच्या आत तोडून पाठवावी लागतात. क्रेट भरलेला ट्रॅक्टर रस्त्यात आडवा, म्हणजे उतरणं भागच होतं.

कडुबाळ कात्री हातात घेऊन पुढे आले. आमच्या तीन सायकली बघितल्या, मागे रस्त्याकडे बघितलं.

"ताई, अप्पा कुठंयत? लई दिस झालं, दिसले नाय."

मी तोंड उघडलं, पण त्याआधीच पिशवीतनं आवाज आला. "कोण, कडुबाळ का? येतोय, येतोय! घाटात जरा मागं पडलो."

सतीशने मान फिरवली. रफिकभाई आपल्या टायरची हवा बघायला लागले. कडुबाळ पिशवीकडे बघत राहिले. मग वाकले आणि तिच्याजवळ तोंड नेऊन मोठ्याने म्हणाले, "दमानं या, अप्पा. काय घाई नाय!"

"तोडणी संपली नाही ना?"

"नाय, नाय. लई बाकी हाय अजून."

ट्रॅक्टर तर भरून निघायच्या बेतात होता. बायका कात्र्या पुसून डबे उघडत होत्या. कडुबाळ परत आत गेले, एका वेलावरनं शेवटचा घड कापून आणला, तो बांधावर पळसाच्या पानावर ठेवला आणि शेजारी खुलताबादच्या दिशेला तोंड करून बसले.

मी फोनवर हात ठेवून हळूच म्हटलं, "कडुबाळभाऊ, अप्पा आता..."

"व्हय," ते म्हणाले. "तुमी व्हा पुढं, ताई. मी थांबतो."