डीला काही होत नाही

यंत्राची पूजा करणाऱ्या माणसांविषयी मला कधीच आदर वाटला नाही. दोन हजार आठच्या पाडव्याला आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळानं नवा कॉम्प्युटर घेतला आणि तो आमच्या घरी आणून ठेवला, तेव्हा अध्यक्षांनी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि मॉनिटरवर भस्माची तीन बोटं ओढली. नारळाचं पाणी कीबोर्डवर उडालं, त्याचं कुणाला काही नाही. मॉनिटरवरचं प्लास्टिक मात्र काढू दिलं नाही. "असू द्या की, धूळ बसत न्हाय," अध्यक्ष म्हणाले. मी दाराला टेकून हसत होतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायचो, पंच्याण्णवपासून कॉम्प्युटर हाताळत होतो आणि अख्ख्या राजारामपुरीत हे यंत्र कळणारा शहाणा मी एकटाच, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

कॉम्प्युटर आमच्याकडे आला, कारण अध्यक्ष भाषणं करायचे आणि काम माझी बायको करायची. ती निपाणीकडची. मराठी आणि कन्नड दोन्ही सारखंच बोलायची, त्यामुळं सीमेवरच्या गावांतल्या बायका तिला अक्का म्हणून घरात घ्यायच्या. दर दोन वर्षांनी मंडळाचा मेळावा व्हायचा आणि त्यात लग्नाच्या मुलामुलींची छापील सूची वाटली जायची. ती सूची ही करायची. कळंब्यापासून गडहिंग्लजपर्यंत एसटीनं फिरून दारोदार अर्ज गोळा करायची, घरी येऊन टाइप करायची. मी त्याला लग्नाचा किराणा म्हणायचो. उंची, रंग, शिक्षण, अपेक्षा. सगळ्या मुली गृहकृत्यदक्ष आणि सगळी मुलं निर्व्यसनी. निर्व्यसनी म्हणून नोंदलेल्यांपैकी दोघांना मी स्वतः गुत्त्यावर पाहिलं होतं.

पण लोक तिच्याकडे अर्ज देत ते तिच्या शब्दावर. मुलीच्या आईला ती सांगायची, ही माहिती मी एकटी बघणार, मी एकटी टाइप करणार, घरातला पुरुषसुद्धा हात लावणार नाही. आणि टाइप झालं की अर्ज आणि फोटो ज्याचा त्याला परत. आपल्या पोरीचा फोटो परक्याच्या कपाटात पडून राहिलेला कुठल्या आईला चालतो? म्हणजे पावणेसहाशे जणांची माहिती कागदावर कुठंच नव्हती. होती ती फक्त कॉम्प्युटरमध्ये.

जुना कॉम्प्युटर व्होल्टेजच्या झटक्यानं गेला होता. दुकानदारानं त्यातली तिची सगळी कामं नव्या कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हमध्ये उतरवून दिली आणि जुना डबा बदल्यात घेतला. इथपर्यंत ठीक. पण नव्या कॉम्प्युटरमध्ये कंपनीनं नवी विंडोज आधीच भरून पाठवली होती. माउस हलवला तरी ती विचारायची, नक्की ना? परवानगी आहे ना? सरकारी कचेरीतला शिपाईसुद्धा एवढं विचारत नाही. आणि बायकोचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर जुनं, प्रिंटरच्या जागी एक काळं लॉक खोचलं की चालणारं. नवी विंडोज त्या लॉकला ओळखच देईना. फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसायचा. मेळावा श्रावणात होता आणि छापखान्याला सूची जून संपायच्या आत हवी होती.

ती दुकानात गेली. मीही मागं गेलो, करमणूक म्हणून.

"वैनी, आता नवीच येतीया," दुकानदार म्हणाला. "कंपनीनंच भरून दिलीया. जुनी घातली की वॉरंटी गेली बघा."

"मग निदान माझी कामं सीडीवर तरी काढून द्या," ती म्हणाली.

याचं उत्तर दुकानदाराच्या आधी मी दिलं. "सीडी कशाला? डीला काही होत नाही. विंडोज बिघडली की जातं ते सी जातं." हे वाक्य त्या काळात कोल्हापुरातला प्रत्येक अर्धवट कॉम्प्युटरवाला म्हणायचा. मी ते जरा अधिकारवाणीनं म्हणायचो, एवढाच फरक.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, जुनी विंडोज, एक्सपी, माझ्याकडे आहे, मी घालतो. ती नको म्हणाली. "तुम्ही नुसतं सांगा, मी करते. मी लोकांना शब्द दिलाय."

"विंडोज घालताना कुणाची पोरगी किती शिकलीय ते दिसत नाही," मी म्हणालो. असल्या भाबडेपणाची मला चीड यायची. मेच्या एका रविवारी ती बारशाला माहेरी गेली आणि मी कॉम्प्युटरसमोर बसलो.

एक्सपीची सीडी घातल्यावर पडद्यावर आलं, या यंत्रात हार्ड डिस्कच नाही. दुकानदार असता तर इथंच हात टेकून घरी गेला असता. मला ठाऊक होतं की मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये एक जागा बदलली की डिस्क दिसते. बदलली. दिसली. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो आता आठवला तरी किळस येते.

डिस्कचे भाग दोन असायला हवे होते, दिसले तीन. सी, डी आणि ई. मी लगेच ओळखलं. कंपन्या आपल्या विंडोजची एक प्रत डिस्कमध्ये लपवून ठेवतात, हे मी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. लपवलेली वस्तू शेवटीच असणार. म्हणजे सीमध्ये नवी विंडोज, डीमध्ये बायकोचं काम आणि ईमध्ये कंपनीची अडगळ. माझी योजना तयार झाली. नवी विंडोज आहे तिथंच ठेवायची, म्हणजे वॉरंटीला धक्का नाही. ईमधली अडगळ पुसून तिथं एक्सपी घालायची. दोन विंडोज शेजारी शेजारी, सकाळी हवी ती निवडा. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही.

प्रत्येक भागापुढं तो केवढा आहे याचा आकडा लिहिलेला होता. पहिल्यापुढचा आकडा अगदी लहान होता, तिसऱ्यापुढचा मोठा. गणिताच्या मास्तरानं तो वाचला नाही. ई पुसू का, म्हणून मशीननं दोनदा विचारलं. असल्या सूचना मूर्खांसाठी असतात असं माझं मत होतं. मी दोन्ही वेळा हो म्हटलं आणि चहा करायला उठलो.

ती सहाला आली. मी काही न बोलता तिला खुर्चीत बसवलं. एक्सपी सुरू झाली, मी सॉफ्टवेअर चढवलं, लॉक लागलं, कोरं पान आलं, आणि तिनं टाइप केलं तसं स्वच्छ मराठी उमटलं. ती खूश झाली. खरंच झाली. "बरं झालं बाई," म्हणाली. मग तिनं डी उघडला.

डीमध्ये कंपनीची नवी विंडोज होती. मी घाईघाईनं सी उघडला. तिथं ती लपवलेली प्रत होती. लपवलेली वस्तू सगळ्यात पुढं होती, त्यामुळं मागची सगळी अक्षरं एकेक घर सरकली होती. तिचा डी म्हणजे एक्सपीचा ई, मी पुसलेला.

तिनं माउस बाजूला सारला. मग तिनं एकच विचारलं, "आता त्या आजऱ्याच्या पोरीचं काय करायचं?"

ती पोरगी मी पाहिली नव्हती, बायकोनं तेव्हा सांगितली. काजूच्या कारखान्यात कामाला होती. लग्नानंतर दीड वर्षात नवरा गेला. भावांना तिचं दुसरं लग्न नको होतं, कारण पगार घरात येत होता. ती एकटीच कोल्हापूरला येऊन नोंद करून गेली होती. घरी कळू देऊ नका म्हणाली होती, आणि निरोपासाठी कारखान्यातल्या मैत्रिणीचा फोन नंबर दिला होता. तो नंबर फक्त त्या नोंदीत होता.

दुसऱ्या दिवशी मी डबा उचलून दुकानदाराकडे नेला. त्यानं बघितलं, मान हलवली. "घर पाडून त्याच जाग्यावर दुसरं बांधलंय, पावणं. जुन्या भिंती कुठनं काढू?" आणि जुन्या कॉम्प्युटरची डिस्क? ती त्यानं केव्हाच पुसून दुसऱ्याच्या डब्यात घातली होती. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

मग आम्ही पुन्हा दारोदार निघालो. सुट्टीच होती, मी तिला स्कूटरवरून न्यायचो. प्रत्येक दारात ती सांगायची, "माझ्याकडून पुसलं गेलं. माझीच चूक." पहिल्या घरातून बाहेर पडल्यावर मी म्हटलं, खोटं कशाला बोलतेस, मी सांगतो. ती तिथंच रस्त्यात थांबली. "तुम्ही कॉम्प्युटर उघडला हे कळलं तर एक बाई मला परत अर्ज देणार नाही. गप्प बसायचं."

मी गप्प बसलो. कागलमध्ये एका म्हातारीनं तिला माझ्यासमोर सुनावलं, "आगं अक्का, तुला येत न्हाय तर हात कशाला लावायचा? सायबांस्नी इचारायचं की! त्येंस्नी कळतंय सगळं." बायकोनं मान खाली घातली आणि व्हय म्हणाली. मी चहा पीत होतो. उभ्या आयुष्यात मी ज्यांना ज्यांना हसलो त्यांतला एकही माणूस त्या क्षणी माझ्याइतका हलकट नव्हता.

जूनच्या मध्यापर्यंत चारशेवर अर्ज पुन्हा जमले. जायचं उरलं ते आजऱ्याला. कारखाना पावसाळ्यापुरता बंद होता, मैत्रिणीचा पत्ता नव्हता. बायकोला पोरीचं आडनाव आणि गल्ली आठवत होती. ते लोक घरून सुटे काजू विकतात असं कळलं, तेव्हा ती म्हणाली, गिऱ्हाईक म्हणून जाऊ. पोरगी एकटी भेटली तर दोन मिनिटांत सगळं लिहून घेता येईल.

दार थोरल्या भावानं उघडलं. बाहेरच्या सोप्यात बसवलं आणि स्वतःही समोर बसला. आत पोरगी होती. तिनं उंबऱ्यातून माझ्या बायकोला पाहिलं आणि ओळखलं. मग तिची नजर माझ्याकडे वळली. मी इस्त्रीच्या शर्टात, चष्मा लावून, मुलाकडच्या वडीलधाऱ्यासारखा बसलो होतो. ती आत गेली.

"काजू घ्यायला आलोय," बायको भावाला म्हणाली. तो दर सांगू लागला, पाकळी केवढ्याला, अख्खा केवढ्याला. पाचेक मिनिटं गेली असतील. पोरगी पाण्याचे तांबे घेऊन बाहेर आली. तिनं साडी बदलली होती. केस विंचरून घट्ट बांधले होते, कपाळावर भस्माचं ताजं बोट होतं. तांब्या तिनं आधी माझ्यापुढं धरला, डोळे खाली, पदर दोन्ही खांद्यांवर.

भाऊ बहिणीच्या साडीकडे बघत होता.

"काजू पाहिजेत त्येंस्नी," तो तिला म्हणाला.

तिनं मान वर करून बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावरचं सगळं एकदम विझलं. मग ती कोपऱ्यातला तराजू घेऊन आमच्यासमोर बसली.

"किती देऊ?" तिनं विचारलं.

शेवटी मीच सांगितलं, दोन किलो.