वर्गात दाखवलेला सिनेमा

मैत्रिणींनो, आज दुपारी टीव्हीवर परदेशी गेलेल्या एका मजुराचा सिनेमा लागला होता. दुकानात त्याला इंग्रजीत पाव मागता येईना, तेव्हा मी टीव्ही बंद केला.

सत्तरच्या दशकात आम्ही नर्सा सीताबर्डीला इंग्रजी शिकायला जायचो. सगळ्यांना इंग्लंडला नोकरी हवी होती. परक्या मुलखात माणसाचे कसे हाल होतात ते कळावं, म्हणून सरांनी असाच एक सिनेमा दाखवला. पडद्यावरचा माणूस अडखळला आणि सरांनी प्रोजेक्टर थांबवला. उमरेडच्या विमलला त्यांनी उभं केलं.

“याच्या जागी तू काय म्हणशील?”

“सर, मले सांगता येऊन नाही राहिलं.”

“तिथल्या डॉक्टरलेही असंच सांगशील का वं?” सरांनी तिची नक्कल केली. वर्ग खो खो हसला. उरलेला सिनेमा विमलनं उभ्यानं पाहिला.

मग सरांनी निबंध दिला: त्या परक्या माणसाबद्दल काय वाटलं ते लिहा.

विमल पुन्हा आली नाही. मी तिच्या खोलीवर गेले, तर म्हणाली, “आपलेच लोकं असे हसते, तं तिकडं काहून जाऊ वं?”

निबंधात मी विमलबद्दल लिहिलं. सरांनी ‘विषय सोडून लिहिले आहे’ असा शेरा मारून तो परत केला.

तुम्ही काय लिहिलं असतं?