डोक्याकडची बाजू

वॉर्डाच्या दारात ज्या सोमवारी वजनकाटा आला, त्या सोमवारपासून क्रेनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती खाली उतरलीच नाही.

क्रेनबाई म्हणजे हाडांच्या वॉर्डातली आया. खरं नाव हजेरीच्या वहीत. बाकी डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी क्रेनबाईच. पेशंट खाटेवरून ट्रॉलीवर घ्यायचा, तर त्याच्या अंगाखालची चादर दोन्ही टोकांना गच्च धरून एका दमात उचलावी लागते. डोक्याकडे उभा राहील त्याच्यावर जास्त भार, आणि आकडेही त्यानेच म्हणायचे. एकोणीस वर्षं ती बाजू क्रेनबाईची होती. "एक... दोन... चल!" असं ती म्हणाली की मदतीला आलेले सर्जनसुद्धा मुकाट्याने उचलायचे.

आणि हा नवा सुपरवायझर, कालचा आलेला, काट्यावर बूट आपटून म्हणतो, "पंच्याहत्तर किलोच्या वर वजन असेल त्याने पेशंट उचलायचे नाहीत. तुमच्या पाठी जातात आणि बोलणी मला बसतात."

"माझी पाठ एकोणीस वर्षांत एक दिवस रजेवर गेली नाही, साहेब."

"शहाऐंशी, बाई! काटा खोटं बोलत नाही. तीन महिने देतो. नाहीतर तळघरात चादरींच्या घड्या घालत बसा."

घड्या! ज्या हातांनी माणसं उचलली त्या हातांनी घड्या! ती दातओठ खात घरी आली.

धाकटी जाऊ उपाय घेऊन तयारच होती. "ताई, उकडलेला कोबी, काकडी आणि लिंबूपाणी. बाकी तोंडाला कुलूप. सकाळ-संध्याकाळ तासभर चालायचं. माझ्या मैत्रिणीची दोन महिन्यांत काडी झाली."

क्रेनबाईने कुलूप लावलं. वजन उतरायला लागलं आणि पारा चढायला लागला. नवरा शिंपी. मशीनवरून मान वर न काढता म्हणायचा, "अगं, काकडी चाव. मला का चावतेस?"

अकराव्या आठवड्यात काट्यावर पंच्याहत्तर आले. सुपरवायझरने टाळ्या वाजवल्या, फोटो काढून नोटीस बोर्डावर लावला. खाली लिहिलं, 'आदर्श'.

त्याच गुरुवारी खुब्याचं ऑपरेशन झालेले एक निवृत्त मास्तर ट्रॉलीवर घ्यायचे होते. पायाकडे तिचा नेहमीचा जोडीदार, हडकुळा वॉर्डबॉय. "एक... दोन... चल!" चादर उचलली गेली आणि मधेच क्रेनबाईचे दंड लटपटले. चादर मुठीतून सुटली. वॉर्डबॉयने झेप घेऊन आपला खांदा मास्तरांच्या मानेखाली घातला म्हणून डोकं ट्रॉलीच्या कडेवर आपटलं नाही. पण मास्तर असे किंचाळले की पलीकडच्या वॉर्डातून माणसं धावत आली.

सिस्टर ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "उद्यापासून तुम्ही पायाकडे उभ्या राहा," एवढंच म्हणाल्या.

क्रेनबाई तरातरा व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओबाईंच्या खोलीत शिरली. "माझ्या हातांना काय झालंय, सांगा."

"खात काय होतात?"

"कोबी."

"आणि?"

"काकडी."

फिजिओबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, इतकं उपाशी ठेवलं की शरीर चरबीबरोबर स्नायूही खातं. अकरा किलो गेले म्हणता. त्यात पोट किती आणि दंड किती, हे त्या काट्याला कसं कळणार?"

"मग आधी सांगायला काय झालं होतं? बोर्डावरचा फोटो रोज बघत होतात ना!"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्हाला अख्खा वॉर्ड घाबरतो, बाई. मीही त्यातलीच."

क्रेनबाई आणखी चिडली आणि दार आपटून निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

फिजिओबाईंचं सांगणं सरळ होतं. जेवण थोडंसंच कमी करायचं, पण प्रत्येक ताटात अंडी, मासे, डाळ, दही यांतलं काहीतरी भरपूर हवं. आठवड्यातून तीनदा वजन उचलायचं आणि ते हळूहळू वाढवायचं. झोप पुरी घ्यायची. घाई बंद. क्रेनबाई दवाखान्यात वाळूच्या पिशव्या उचलायची आणि घरी नवऱ्याचे कापडाचे तागे.

"अहो, अजून एक ठेवा."

"अगं, गिऱ्हाईकाचं कापड आहे ते! घामाचा वास येईल."

"मग गिऱ्हाईकाला पाठवा. त्यालाच उचलते."

पाच महिन्यांनी नवऱ्याने तिचा युनिफॉर्म पुन्हा मापाला घेतला. कमरेला टेप लावला आणि तसाच थांबला. कोबीच्या दिवसांत एक्केचाळीसची अडतीस झालेली कंबर आता छत्तीस होती, आणि बाही मात्र दंडाला आवळत होती. "कंबर दाबायची आणि बाही सोडायची," तो पुटपुटला. "असं गिऱ्हाईक जन्मात पाहिलं नाही."

काट्यावर मात्र अठ्ठ्याहत्तर.

"परत चढलात!" सुपरवायझर जवळजवळ खुशीतच होता. "तीन किलो जास्त. उद्यापासून तळघर."

"कंबर बघा, साहेब. टेप आणू?"

"नियमात कंबर नाही."

नेमके तेव्हाच मास्तर दुसऱ्या खुब्यासाठी वॉर्डात पडून होते. खाटेवरूनच ओरडले, "आणि ही बाई माझ्या डोक्याकडे नको! एकदा देव पाहून आलोय."

क्रेनबाईचे कान लाल झाले. या एका माणसावर चिडायचा तिला हक्क नव्हता, आणि ते तिला कळत होतं.

"बरोबर आहे तुमचं, मास्तर," ती म्हणाली. "म्हणून आधी साहेबांना उचलते. ते बघा आणि मग सांगा."

"मला?" सुपरवायझर मागे सरकला.

"घाबरलात?" मास्तरांना आता मजा यायला लागली होती. "झोपा की! मी झोपलो होतो ना?"

इतक्या डोळ्यांसमोर माघार कशी घेणार? तो रिकाम्या खाटेवर बुटांसकट आडवा झाला. शंभराला दोन कमी असावा. स्वतः काट्यावर कधी चढलाच नव्हता. वॉर्डबॉय पायाकडे गेला. क्रेनबाईने चादर मुठीत पिळून घेतली.

"एक... दोन... चल!"

भरल्या घरातून झोपलेलं मूल उचलून न्यावं तसा सुपरवायझर ट्रॉलीवर गेला. चाकंसुद्धा वाजली नाहीत.

तो ट्रॉलीवरूनच म्हणाला, "पण नियम..."

"नियम तुम्ही वर जाऊन बदलून आणा," सिस्टर म्हणाल्या. "तोवर माझ्या वॉर्डात डोक्याकडे कोण उभं राहणार, ते मी ठरवेन. उतरा. ट्रॉली हवी आहे."

क्रेनबाईने बोर्डावरून 'आदर्श' फोटो ओरबाडून काढला, चुरगळून खिशात कोंबला आणि मास्तरांच्या उशाशी उभी राहिली. राग अजून तसाच होता. हात मात्र स्थिर होते.

मास्तरांनी डोळे घट्ट मिटले. "आकडे जरा मोठ्याने म्हणा, बाई."