एक कान उघडा

इंटरनेटवरून बोलायला चांगला हेडसेट कोणता, हा प्रश्न मला शेजारच्या गृहस्थांमुळे पडला. ते इतके हळू बोलतात की भाजीवाली त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा विचारते. बोलताना शर्टाचे वरचे बटण चाचपायचे, ही त्यांची सवय. परदेशातल्या मुलीशी बोलण्यासाठी त्यांनी दोन्ही कान गच्च झाकणारा महागडा हेडसेट आणला, आणि रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून त्यांचे ओरडणे ऐकू येऊ लागले.

परवा त्यांनी मला घरी बोलावले. हेडसेट कानांवरच होता.

"सर, पोरगीनं फोन कट केला! म्हणती, असंच खेकसणार असाल तर परत फोन करत न्हाय. मी खेकसतोय व्हय?" हेही त्यांनी ओरडूनच विचारले.

मी त्यांच्या एका कानावरची गादी मागे सरकवली. "आता बोला."

"काय बोलू की..." स्वतःचा आवाज कानी पडताच ते थबकले. मग त्यांनी स्वतःच पुन्हा फोन लावला. रिंग वाजत राहिली. त्यांचा हात शर्टाच्या बटणावर गेला. अखेर तिने उचलला.

"मीच हाय की," ते हळूच म्हणाले. पलीकडचे ऐकून त्यांनी माझ्याकडे पाहिले. "विचारती, बाबा, आजारी हायसा का?"

हात बटणावरून खाली आला.

झाकलेल्या कानांना स्वतःचा आवाज कमी ऐकू येतो, म्हणून माणूस तो चढवतो, असे मला वाटते. हेडसेट घेण्यापूर्वी तो दुकानातच लावून आधी दोन्ही कान झाकून, मग एक कान उघडा ठेवून बोलावे आणि हे खरे की खोटे, ते वाचकांनी स्वतः तपासावे.