एका श्वासाची ओळ

आमचे भाऊजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, संगीतरचनाकार. व्हायोलिन-चेलोच्या वाद्यवृंदासाठी लिहितात. दिवसा शाळेत संगीत शिकवायचं आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरायचे. पद्धत जगावेगळी. लिहिलेली प्रत्येक ओळ बायकोकडून, माझ्या धाकट्या जावेकडून, गुणगुणून घ्यायचे. तिच्या एका श्वासात बसली तर ठेवायची, नाहीतर खोडायची.

"मला काय फुगा समजलात?" भाजी चिरता चिरता ती म्हणायची.

"फुगा परवडला. उलट बोलत नाही."

पण बोलताना त्यांच्या हातात खोडरबर आलेलं असायचं.

तिचा दम मोठा. म्हणून भाऊजींच्या ओळी लांबलचक, संथ. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरून ताणावी तशी ओळ लांबत जायची, कुठे सुरकुती नाही. त्यावरच त्यांचं नाव झालं.

मग तिच्या फुफ्फुसांना आजार जडला. जिना चढली की धाप. भाऊजींनी पद्धत सोडली नाही, ओळी मात्र आखूड होत गेल्या. एका समीक्षकाने पेपरात लिहिलं, रचनाकाराला नवी शैली गवसली, आता एकही सूर जास्तीचा नाही. भाऊजी त्या दिवशी जेवले नाहीत. धाकटी हसली. "बघा ताई, माझ्या धापेचं केवढं कौतुक!"

शेवटची रचना तिच्यासाठीच होती. तिने ती पुरी गुणगुणावी, एवढंच त्यांना हवं होतं. मीही देवाकडे रोज तेवढंच मागत होते. एक ओळ उरली. इस्पितळात खाटेशी बसून त्यांनी ती पुढे धरली. ती अर्ध्यात अडली.

"लांब झाली हो."

"उद्या छोटी करून आणतो."

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन ते चपला घालत होते, तेवढ्यात फोन वाजला. ती गेली होती.

आज त्या रचनेच्या तालमीला मी भाऊजींसोबत गेले. वाद्यवृंदाचे संचालक म्हणाले, "शेवटच्या ओळीचे दोन कागद आहेत, एक लांब, एक छोटा. कुठला वाजवायचा?"

भाऊजींनी दोन्ही कागद हातात घेतले.

"मला नाही सांगता येणार," ते म्हणाले. "आता विचारू कोणाला?"

वादकांनी गज खाली ठेवले. ती ओळ आज कोणीच वाजवली नाही. घरी येऊन मी प्रार्थनेला बसले. देवावर रुसले नाही, पण त्याच्याशी बोलणंही जमलं नाही.